चालक वजा जाता

सहा देशांचे सहा ट्रॅक्टर एकाच रानात, एकाच माणसाच्या हातून चालवून बघायचे, ही कल्पना माझी. अहवालात ती आमचे संचालक डॉ. उपासनी यांच्या नावावर आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट अलीकडे बरंच वाटतं.

आमचं तुलना केंद्र परभणीपासून वीसेक किलोमीटरवर आहे. सन २०३७ मध्ये सहा देशांनी मिळून ते उभारलं. तोवर प्रत्येक देश आपला ट्रॅक्टर आपल्याच रानात, आपल्याच माणसाकडून तपासून घ्यायचा आणि आपलाच पहिला नंबर जाहीर करायचा. मुलाचे पेपर आईनंच तपासावेत तसला तो प्रकार होता. म्हणून ठरलं, की रान एकच असावं, नांगर एकच, खोली एकच, आणि फक्त ट्रॅक्टर बदलावा. पहिल्या बैठकीत मी हात वर करून म्हटलं, की चालकही एकच हवा. नाहीतर आपण यंत्रांची तुलना करतोय की माणसांची, हे कधीच कळणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. चालक कोण, असं विचारल्यावर मी माझ्या सख्ख्या मामांचं नाव सांगितलं.

वशिला म्हणा हवं तर. पण मुंजाजी काकडे हा माणूस मागे वळून न बघता नांगराचा सरळ तास काढायचा, हे आमच्या तालुक्यात कुणालाही विचारा. वडील गेल्यावर मी मामांकडेच वाढले. त्यांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मी पाढे पाठ केले, आणि इंजिनिअर व्हायचंही तिथंच बसून ठरवलं. ट्रॅक्टरवर चढण्याआधी मामा चपला काढून बाजूला ठेवायचे. देवळात शिरताना काढतो तशाच, पण त्यात नुसती भक्ती नव्हती. अनवाणी पायाला क्लच कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. केंद्राच्या सुरक्षा नियमांत बूट सक्तीचे होते. मामांनी बूट घातले, दहा मिनिटं ट्रॅक्टर चालवला, खाली उतरले, बूट काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि परत गेले. मग नियमात दुरुस्ती झाली.

ती दोन वर्षं मजेची होती, हे कबूल करायला हवं. जर्मनीच्या ट्रॅक्टरची केबिन एखाद्या बँक मॅनेजरला शोभावी अशी होती. दार लागल्याशिवाय, पट्टा बांधल्याशिवाय, आणि चालक जागा आहे याची त्याच्या डोळ्यांत बघून खात्री करून घेतल्याशिवाय तो सुरूच व्हायचा नाही. मामा म्हणाले, याचा माणसावर भरवसा नाही. अमेरिकेचा इतका अवाढव्य, की तो वळेपर्यंत आमचं रानच संपायचं. जपानचा हलका, भातखाचरात तरंगायला केलेला. आमच्या ढेकळांवर तो उड्या मारायचा. इटलीचा द्राक्षबागेतल्या दोन ओळींतून जावा असा अरुंद आणि देखणा, पण दुपारी तापला की रुसायचा. चीनच्या ट्रॅक्टरमध्ये सगळं होतं, इतरांकडे जे जे होतं ते सगळंच. आणि आपल्याकडचा बिचारा साधा, कुठल्याही गावच्या लोहारानं दुरुस्त करावा असा. त्याच्या रुंद मडगार्डकडे बोट दाखवून एका पाहुण्या तज्ज्ञानं विचारलं, की या भागाचं कार्य काय. मी म्हटलं, भाच्या बसतात. त्यानं ते लिहून घेतलं.

आता थोडं शास्त्र सांगते, कारण पुढचा घोळ त्यातच आहे. चालक एकच ठेवला तरी तो यंत्रागणिक बदलतो. ट्रॅक्टर कुरकुरला तर चांगला चालक सांभाळून घेतो, चाक घसरू लागलं तर नांगर चार बोटं उचलतो. म्हणजे वाईट यंत्राचे दोष तो झाकतो आणि आकडे खोटे पडतात. त्यावर उपाय एकच होता. मामा काय काय करतात ते सगळं मोजायचं आणि हिशेबातून बाजूला काढायचं. आम्ही आसनात, चाकात, पायाखाली दाब मोजणाऱ्या पट्ट्या बसवल्या. चाक किती घसरलं, इंजिनचा आवाज किती बदलला, आसनाला कसला हादरा बसला, आणि त्यानंतर मामांच्या हातापायांनी किती क्षणांत काय केलं, हे सेकंदाला हजार वेळा नोंदलं जायचं. दोन वर्षांत संगणकाला मामा इतके कळले, की पुढचा झटका बसायच्या आत तो मामांचं उत्तर सांगू लागला. हेच उत्तर आकड्यांतून वजा केलं, की उरायचं ते निव्वळ यंत्र. प्रत्येक तक्त्यावर आम्ही लिहायचो, ‘चालक वजा जाता’. मामांचं नाव कुठंच नव्हतं. ते ‘स्थिर चालक’ होते.

वजा केलेलं टाकून द्यायचं असतं. आम्ही ते विकलं. म्हणजे केंद्रानं सहाही देशांना ते वापरू दिलं. तुलनेचा निकाल लागायच्या आत सगळ्यांना कळून चुकलं होतं, की सहा ट्रॅक्टरांपेक्षा त्यांच्यातून वजा केलेला माणूसच जास्त कामाचा आहे. तो जपानी ट्रॅक्टरमध्ये घाला, जर्मन ट्रॅक्टरमध्ये घाला, आसन रिकामं ठेवा. ‘ध्रुव’ या नावानं तो बाजारात आला. मामांच्या सहीचा कागद केंद्राकडे होता. नुसता तपासणीसाठी आहे, असं सांगून तो मीच त्यांच्यापुढे ठेवला होता, आणि त्या दिवशी ते खरंही होतं.

मामांना पहिल्यांदा अभिमानच वाटला. कुठल्याशा परदेशी शेतात रिकाम्या आसनाचा ट्रॅक्टर तास काढतोय, अशी एक चित्रफीत त्यांनी फोनवर जपून ठेवली होती. आल्यागेल्याला ती दाखवायचे आणि बांधाजवळचं वळण आलं की म्हणायचे, बघा, इथं मी डावा खांदा पाडतो, तसंच वळला का नाही. वर्षाभरात तालुक्यात भाड्याचे ध्रुव आले. मामांना कुणी बोलवेना, तेव्हा त्यांनी ती चित्रफीत दाखवणं बंद केलं.

एक काम मात्र त्यांच्याकडे राहिलं होतं. सकाळी लोक येऊन विचारायचे, मुंजाजीआप्पा, रान बघता का? मामा जायचे, चार ठिकाणी टाचेनं माती उकरायचे, मूठभर माती हातात दाबायचे, आणि गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचे. गोळा फुटून भुगा झाला तर वापसा आला. तसाच राहिला तर आज यंत्र घालू नका. लोक ऐकायचे. पण असं विचारणारे जुनेच होते; नवे लोक घरात बसून बटण दाबायचे.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. काळ्या मातीचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे थरांचे असतात. पाणी शिरलं की थर फुगतात आणि मातीतल्या हवेच्या वाटा बुजतात. अशा वेळी वरून चार-पाच टनांचं धूड गेलं, की त्या वाटा कायमच्या चेपतात आणि वीतभर खाली विटेसारखा थर तयार होतो. पिकाची मुळं त्या थरापर्यंत जातात आणि आडवी वळतात. पाणी निचरलंय, पण ओल आहे, हवाही आहे, असे मधले दोन-चार दिवस म्हणजे वापसा. ओल मोजायचं यंत्र प्रत्येक ट्रॅक्टरच्या पोटाशी होतंच. पण तेवढीच ओल एका रानात वापसा असते आणि शेजारच्या रानात चिखल. यंत्राला पाणी कळत होतं. ढेकूळ फुटेल का, हे त्याला कळत नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. मडगार्डवर बसणाऱ्या पोरीला हे पाढ्यांच्या आधी येतं.

२०४२ च्या सप्टेंबरात परतीचा पाऊस लांबला. ज्वारीच्या पेरणीची घाई होती, आणि ध्रुवाला खाली उतरून माती बघायची सवय नव्हती. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर ध्रुवांनी ओल्या रानात नांगर घातले आणि मामांच्याच सफाईनं सरळ तास काढले. डिसेंबरात ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली. उपटून पाहिली तर मुळं काटकोनात वळलेली. परदेशांतून, जिथं जिथं अशी चिकण माती होती तिथून, तशीच पत्रं आली. चौकशी समिती बसली. सहा देशांचे तज्ज्ञ होते, आणि प्रत्येकानं आपल्या देशाचा ट्रॅक्टर निर्दोष असल्याचे पुरावे आणले. सहाही यंत्रं निर्दोष ठरल्यावर राहिलं कोण? समितीनं लिहिलं, की ओल्या मातीत काम थांबवण्याची सवय मूळ चालकातच नसावी. आणि प्रथमच, सगळ्या कागदपत्रांत प्रथमच, त्यांनी स्थिर चालकाचं पूर्ण नाव छापलं. मुंजाजी ग्यानोबा काकडे.

आठवड्यात ते नाव मोबाइलवरून साठ गावांत फिरलं. रान बघायला बोलवणारे यायचे थांबले. मामी दळण घेऊन गेली, तर गिरणीवर बायका बोलायच्या थांबल्या. एकानं दारात येऊन विचारलं, की आप्पा, आमच्याच मातीवर कसली दुश्मनी काढली. मामांनी त्याला पाणी दिलं.

रविवारी सकाळी मामा माझ्या क्वार्टरवर आले. चपला दाराबाहेर काढल्या. चहा घेतला नाही.

“ऋतू, मी कधी वल्ल्या रानात ट्रॅक्टर घातला का?”

मी नाही म्हटलं.

“तू व्हतीस की रोज समोर. मी माती बघायचो, वापसा न्हाई म्हणून घरी जायचो. मग ते कुठं गेलं?”

ते कुठं गेलं, हे मला त्याच क्षणी कळलं. मामा ज्या दिवशी माती बघून ‘आज नाही’ म्हणायचे, त्या दिवशी चाचणी व्हायची नाही. चाचणी का झाली नाही, याचं कारण मला सहा देशांसाठी बनवलेल्या अर्जात भरावं लागायचं. अर्जात तीनच रकाने होते: पाऊस चालू, यंत्र बंद, चालक गैरहजर. पाऊस थांबलेला असायचा, यंत्र ठणठणीत असायचं. मी तिसऱ्या रकान्यात खूण करायचे. चौथा रकाना मागून घ्यायचा, तर वापसा म्हणजे काय हे सहा देशांना पत्रानं समजावून सांगावं लागलं असतं, आणि मला कंटाळा आला होता. इतकंच. माझ्या पापाला याहून मोठं कारण नाही. दोन वर्षांत असे एकतीस दिवस झाले. संगणकानं मामांना फक्त वापशात पाहिलं. ओल्या रानापुढे उभे राहून नकार देणारे मामा त्याच्या लेखी रजेवर होते.

मी हे मामांना सांगितलं. सांगताना रडले. 

“मी दोन वर्षांत एक रजा घेतली न्हाई,” ते म्हणाले. “तुझ्या मामीचं आपरेशन व्हतं, तवा बी आलो व्हतो.”

मग उठून दाराशी गेले आणि चपला घालता घालता एवढंच म्हणाले, की तेवढं नाव धुऊन दे.

सोमवारी मी उपासनी सरांपुढे सगळं मांडलं. एकतीस तारखा, त्या दिवसांचं मातीचं परीक्षण, माझ्या खुणा. मला वाटलं होतं नोकरी जाणार. सर कागद वाचत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. म्हणजे दोष ना यंत्राचा, ना पद्धतीचा, ते म्हणाले, फक्त एक माहिती घ्यायची राहून गेली, आणि ती देणारा माणूस जिवंत आहे! मला त्यांनी खुर्चीवरून उठून शाबासकी दिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी काय करून बसले.

सुधारित अहवाल निघाला. दोनशे बाराव्या पानावर, तळटिपेत, इंग्रजीत एक वाक्य होतं, की मूळ चालकाच्या वर्तनात दोष आढळला नाही. मी त्याचं मराठी करून, केंद्राचा शिक्का मारून मामांना नेऊन दिलं. मामीनं ते दर्शनी भिंतीवर लावलं. पण साठ गावांत फिरलेलं नाव परत फिरवणारा अहवाल कुणी काढत नाही.

त्याच अहवालाच्या पहिल्या पानावर शिफारस होती. चाळीस सकाळी मूळ चालकाच्या हातात मोजपट्ट्यांचा मोजा चढवायचा आणि मूठ कशी दाबली जाते, माती बोटांना काय सांगते, हे टिपून घ्यायचं. सहा देशांच्या मातीचे ट्रे विमानानं मागवले गेले. मामांना विचारायला मलाच पाठवलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की ही मूठ दिलीत तर रान बघायलाही तुम्हाला कुणी बोलावणार नाही, नाही म्हणा. मामी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, की नाही म्हटलं तर लोक म्हणतील, पोटात पाप होतं म्हणून लपवलं. मामांनी मान हलवली आणि विचारलं, किती वाजता यायचं.

पहिले पंधरा दिवस मामा रंगात होते. जर्मनीच्या मातीला त्यांनी गव्हाच्या कोंड्याची उपमा दिली. जपानची माती हुंगून म्हणाले, हिच्यात राख आहे, आणि ती खरंच ज्वालामुखीची निघाली. मोजा घातलेली मूठ ते दाबायचे, गोळा सोडायचे आणि निकाल द्यायचे. सोळाव्या दिवसापासून यंत्रही निकाल देऊ लागलं. मामांनी गोळा सोडायच्या आत माझ्या हातातल्या पडद्यावर हिरवा किंवा लाल ठिपका यायचा. दोघांचं जुळलं की एक गुण. जिथं जुळणार नाही तिथं माती प्रयोगशाळेत जायची आणि कोण चुकलं ते ठरायचं. एकविसाव्या दिवशी यंत्र चुकलं, मामा हसले. पंचविसाव्या दिवशीही यंत्रच चुकलं.

एकोणतिसाव्या दिवशी मामा चुकले. त्यांनी नाही म्हटलं, पडद्यावर हिरवा ठिपका होता, आणि प्रयोगशाळेनं हिरव्याच्या बाजूनं कौल दिला. केसाएवढा फरक होता. शिवाय मोज्यात हात घामेजला होता, तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते मूठ जास्त वेळ दाबून धरू लागले. गोळा सोडण्याआधी एकदा माझ्याकडे बघायचे. बत्तिसाव्या दिवशी त्यांनी एका ट्रेमध्ये तीनदा हात घातला. घरी मामी सांगत होती, की तिनं मळलेलं पीठ दाबून बघतात आणि तिलाच विचारतात, हे मऊ आहे का ग.

चाळिसावा दिवस आमच्याच रानात होता. आदल्या दिवशी आम्ही रान भिजवलं होतं. सहा देशांचे पाहुणे बांधावर खुर्च्या टाकून बसले होते, सहा ट्रॅक्टर रिकाम्या आसनांनी ओळीत उभे होते. चढायला ट्रॅक्टर नव्हता तरी मामांनी चपला काढल्या. टाचेनं माती उकरली, मूठ भरली आणि दाबली. माझ्या पडद्यावर हिरवा ठिपका आला. मी पडदा छातीशी धरला होता. मामा मूठ तशीच आवळून उभे राहिले.  मग त्यांनी हळूच विचारलं,

“काय म्हणायलंय ते?”

चालकाला निकाल आधी सांगायचा नाही, हा नियम मीच लिहिला होता. ज्या दिवशी माणूस यंत्राला विचारतो, त्या दिवसाची नोंद रद्द करायची, हेही मीच लिहिलं होतं.

“वापसा आहे म्हणतंय, मामा,” मी म्हणाले.

मामांनी मूठ सोडली. गोळा काळ्या रानावर पडला आणि तसाच्या तसा राहिला. त्यावर त्यांच्या चार बोटांचे ठसे होते. मी तो पाहिला, त्यांनी पाहिला. आठ वर्षांच्या पोरीनं सांगितलं असतं, की रान ओलं आहे.

“मग असंल,” मामा म्हणाले.

नोंद रद्द केल्याची खूण मी केली नाही. उपासनी सर माझ्या मागेच उभे होते. त्यांनी पडदा माझ्या हातातून घेतला, पाहुण्यांकडे वळवला, आणि टाळ्या झाल्या. सहाही ट्रॅक्टर सुरू झाले आणि रानात उतरले. चाकं रुतत होती. मामा चपला हातात घेऊन बांधावरून घराकडे चालू लागले, आणि त्यांच्या खांद्याच्या रेषेत सहा नांगर सरळ तास काढत गेले.

त्या दिवसाची जुळणी शंभर टक्के आली. अहवालात ती पहिल्या पानावर आहे.